आंबट-गोड चिकन: फळाला त्याचं काम द्या

आंबट-गोड चिकन म्हटलं की बहुतेकांना आठवतो तो हॉटेलातला लालभडक, चकचकीत सॉस, त्यात तळून टाकलेले चिकनचे तुकडे आणि तळाशी कुठेतरी बुडालेल्या अननसाच्या चार फोडी. या फोडी डब्यातल्या असतात, साखरेच्या पाकात मुरलेल्या. सॉसला चव येते ती केचप, साखर आणि व्हिनेगर यांची. म्हणजे ज्या पदार्थाचं नावच आंबट-गोड, त्यात मुळातच आंबट-गोड असलेलं फळ मात्र शोभेपुरतं. आज मला सांगायचं आहे ते एवढंच, की ताज्या फळाला या पदार्थात शोभेच्या जागेवरून उठवून कामाला लावावं. आंबटपणाही त्याच्याकडून घ्यावा आणि गोडीही. पण त्यासाठी ते कढईत कधी पडतं आणि किती वेळ राहतं, याकडे लक्ष द्यावं लागतं. ताजं फळ घालून हा पदार्थ बिघडतो, तेव्हा दोष बहुधा फळाचा नसतो, वेळेचा असतो.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा, की अस्सल पदार्थ केचपचाच आहे, त्यात आपण कशाला ढवळाढवळ करावी? पण अस्सलपणाच काढायचा झाला, तर तो फळाच्या बाजूने जातो. हा पदार्थ दक्षिण चीनमधल्या कँटन भागातला, म्हणजे आजच्या ग्वांगडोंग प्रांतातला. तिथे तो मूळचा डुकराच्या मांसाचा; चिकन ही त्याची नंतरची आवृत्ती. जुन्या पद्धतीत आंबटपणासाठी शानझा नावाचं लहान, लाल, बोराएवढं फळ आणि खारवलेली आंबट आलुबुखारं वापरत. टोमॅटो केचप नंतर आलं, स्वस्त आणि तयार म्हणून टिकलं. अननससुद्धा तिथला नव्हे, तो दक्षिण अमेरिकेतला. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या जहाजांतून तो आशियात आला आणि गोव्याच्या मातीत इतका रुजला की आज तिथल्या सारस्वत घरांत मोहरी वाटून केलेलं आंबा-अननसाचं सासव सणाच्या पानात असतं. तिखटमिठाच्या जेवणात गोड फळ शिजवणं आपल्याला नवं नाही, कोकणाला तर नाहीच. त्यामुळे केचप काढून फळ घालणं यात परंपरा मोडण्यासारखं काही नाही.

आता चवीपलीकडचं एक कारण. केचपमध्ये साधारण चौथा हिस्सा साखर असते. चार जणांसाठी सॉस करताना चार मोठे चमचे केचप आणि वर तीन मोठे चमचे साखर घातली, तर एकंदर पन्नास ग्रॅमच्या आसपास साखर कढईत जाते. म्हणजे माणशी बारा-तेरा ग्रॅम, तीही जेवणाच्या एका पदार्थातून. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितलं, की वरून घातलेली साखर रोजच्या एकूण उष्मांकाच्या दहा टक्क्यांच्या आत असावी. प्रौढ माणसाला ही मर्यादा साधारण पन्नास ग्रॅम पडते आणि त्याच्या निम्म्यावर राहिलं तर आणखी चांगलं. पिकलेल्या अननसात शंभर ग्रॅमला दहा ग्रॅमच्या आसपास साखर असते. अर्धी वाटी रस आणि एक चमचा गूळ एवढ्यावर सॉस भागतो. इथे कोणी म्हणेल, रसातली साखर ती साखर नव्हे का? बरोबर आहे. त्या शिफारशीत फळाचा रसही वरच्या साखरेतच धरला आहे, फक्त अख्खं फळ धरलेलं नाही. म्हणूनच रस अर्ध्या वाटीवर थांबवावा आणि गोडीचा उरलेला भार फोडींवर टाकावा. फोड दाताखाली फुटली की गोडी त्या घासापुरती येते. सगळा सॉसच गोड करण्याची गरज उरत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. केचपची बाटली नेहमी एकाच चवीची असते, फळाचा मात्र भरवसा नाही. एक अननस मधासारखा, दुसरा जीभ सोलवटणारा. हे खरं आहे. पण आमटीत चिंच घालताना आपण हाच प्रश्न रोज सोडवतो. फळ आधी चाखावं आणि मग बाकीचं ठरवावं. फळ आंबट असेल तर गूळ अर्धा चमचा जास्त, व्हिनेगर अजिबात नको. फळ फार गोड असेल तर लिंबू किंवा व्हिनेगर हाताशी ठेवावं. या दोघांत एक फरक आहे, तो लक्षात असू द्या. व्हिनेगरमधलं आम्ल उडून जाणारं आहे. सॉस उकळत असताना नाकाला झिणझिण्या येतात त्या त्यानेच. ते सुरुवातीला घातलं तर शेवटी त्याचा जोर कमी झालेला असतो. लिंबू, अननस, संत्रं यांतलं सायट्रिक आम्ल उडत नाही, उलट सॉस आटला की ते घट्ट होतं आणि आंबटपणा वाढतो. म्हणून फळाच्या रसाचा सॉस आटण्याआधी थोडा फिका लागला तरी घाबरू नये, आणि व्हिनेगर घालायचंच असेल तर शेवटी घालावं. मिठाकडेही दुर्लक्ष नको. सोया सॉस खारट असतो, पण तेवढ्यावर फळाची चव उठत नाही. चिमूटभर मीठ घातलं की तोच रस अधिक गोड लागतो, साखर न वाढवता.

आता ज्या मुद्द्यावर सगळं उभं आहे, त्याकडे येऊ. ताज्या अननसात ब्रोमेलेन नावाचं विकर असतं, म्हणजे प्रथिनं तोडणारा पदार्थ. कच्च्या पपईतलं पपेन हे त्याचंच भावंड म्हणा. मटण लवकर शिजावं म्हणून आपण कच्ची पपई लावतो, त्यामागे हेच कारण आहे. किवीतही असंच एक विकर आहे. ताजा अननस खूप खाल्ला की जीभ चुरचुरते, त्यातही ब्रोमेलेनचा हात असतो. काही जण चिकन अननसाच्या ताज्या रसात तासन्‌तास मुरवत ठेवतात, ते मऊ होईल या आशेने. होतं, पण फार. बकऱ्याच्या मांडीचं मांस चिवट असतं, ते हा मार सोसतं. चिकन मुळातच कोवळं. त्याचा वरचा थर तासाभरात पिठासारखा होतो आणि कढईत पडल्यावर तो सुटून तेलात गाळ होतो. मग गृहिणी म्हणते, चिकन चांगलं नव्हतं. चिकन चांगलंच होतं. अननसाचा रस चिकनला लावायचाच असेल तर पंधरा-वीस मिनिटांच्या पुढे नको, आणि न लावलेलाच बरा. मऊपणासाठी दुसरा उपाय आहे, तो पुढे सांगते.

ब्रोमेलेन उष्णतेने मरतं. साधारण सत्तर अंश सेल्सियसच्या पुढे त्याचं काम थांबतं. डब्यातला अननस बंद करताना तापवलेला असतो, त्यामुळे त्यात ते शिल्लक नसतं. याचा पडताळा घरी घेता येतो. जिलेटिनच्या जेलीत ताजा अननस घातला तर ती कधीच घट्ट होत नाही, डब्यातला घातला तर होते. मात्र चायना ग्रासवर हा प्रयोग करू नका. ते समुद्री शेवाळाचं, त्यात प्रथिन नाही, त्यामुळे अननसाला तिथे तोडायला काही मिळत नाही. चिकनच्या बाबतीत याचा अर्थ काय? रस सॉसमध्ये उकळला जातो, त्यामुळे रसाची चिंता नाही. अडचण फोडींची आहे. त्या अगदी शेवटी, नुसत्या कोमट होतील अशा घातल्या, तर त्यांच्या पोटात ब्रोमेलेन जिवंत राहतं आणि पदार्थ तासभर झाकून ठेवला की चिकन भुसभुशीत होऊ लागतं. म्हणून अननसाच्या फोडी वेगळ्या भाजून घ्याव्यात. कढई कडक तापवावी, चमचाभर तेल सोडावं, फोडी एका थरात पसराव्यात आणि पहिलं दीड मिनिट हात लावू नये. त्यांच्या अंगची साखर तळाशी लागून तांबूस होते, कच्चा वास जातो आणि चवीला एक खमंगपणा येतो, जो केचपला कधी जमणार नाही.

बाकीच्या बहुतेक फळांना हा नियम लागू नाही. संत्र्याचं तर अगदी उलट आहे. नागपुरी संत्र्याच्या पाकळ्या उकळत्या सॉसमध्ये गेल्या तर फुटतात, पापुद्रा आणि बिया कडवटपणा सोडतात. मोसंबीचा रस काढून ठेवला तरी कडू होतो, हे रसवाल्याला विचारा. म्हणून संत्र्याच्या पाकळ्यांची साल-बिया काढून त्या गॅस बंद केल्यावर घालाव्यात, आणि सॉससाठी रस काढला तर लगेच वापरावा. सालीचा फक्त केशरी भाग किसून अर्धा चमचा सॉसमध्ये घाला, त्यातल्या तेलाचा सुगंध फार छान येतो. पांढरा भाग किसला गेला तर सगळं वाया. सफरचंद शिजायला सोसतं, अर्धवट पिकलेला आंबाही. नाशिकची द्राक्षं गॅस बंद करायच्या आधी नुसती एकदा हलवली की पुरे, जास्त वेळ राहिली तर साल सुरकुतते. स्ट्रॉबेरीचा लगदा होतो, तिचा सॉस करा, फोडी करू नका. केळं नको. पेरू बियांमुळे त्रासाचा. डाळिंबाचे दाणे पानात वाढताना वरून.

आता कृती. चार जणांसाठी साडेचारशे ग्रॅम बिनहाडाचं चिकन घ्या, शक्यतो मांडीचं, ते लवकर कोरडं पडत नाही. पेराएवढे तुकडे करून पुसून कोरडे करा. त्यांना एका अंड्याचं पांढरं, एक मोठा चमचा कॉर्नफ्लोअर, चमचाभर सोया सॉस आणि थोडं तेल चोळून वीस मिनिटं ठेवा. मऊपणाचा उपाय म्हटला तो हाच, आणि तो चिनी स्वयंपाकघरातलाच आहे. या लेपाने रस आत राहतो, मांस तुटत नाही. यावर लोक म्हणतात, हॉटेलातल्या भट्टीसारखी आच घरच्या गॅसवर मिळत नाही, मग परतलेलं चिकन कसं जमणार? आच मिळत नाही हे मान्य. पण घरी चिकन पांढरं, पाणचट होतं त्याचं कारण बहुतेक वेळा गर्दी असतं. सगळं चिकन एकदम टाकलं की कढई निवते, पाणी सुटतं, आणि पाणी आहे तोवर तापमान शंभर अंशांच्या वर जात नाही. खमंग रंग यायला एकशेचाळीसच्या आसपास उष्णता लागते. म्हणून चिकन दोन-तीन घाण्यांत परता आणि प्रत्येक घाणा काढून ताटलीत ठेवा. मोठा तुकडा कापून बघा. आत गुलाबी दिसता कामा नये. आतलं तापमान चौऱ्याहत्तर अंशांना पोचलं की चिकन खायला सुरक्षित होतं.

मग त्याच कढईत आलं-लसूण, कांद्याच्या पाकळ्या आणि ढोबळी मिरची मोठ्या आचेवर, करकरीत राहतील एवढीच. त्यात अर्धी वाटी फळाचा रस, एक मोठा चमचा सोया सॉस, गूळ, हवी तर एखादी चिरलेली लाल मिरची. उकळी आली की दोन छोटे चमचे कॉर्नफ्लोअर थंड पाण्यात कालवून घाला आणि मिनिटभर ढवळा. आंबट रसात कॉर्नफ्लोअर फार वेळ उकळलं तर दाटपणा पुन्हा मोडतो, सॉस पातळ होतो. तेव्हा चकाकी आली की लगेच चिकन आणि भाजलेल्या फोडी आत, दोनदा उलटसुलट, आणि खाली. रंग हॉटेलसारखा लाल येणार नाही. फिकट सोनेरी येईल. तो लाल रंग बरेचदा बाटलीतला असतो, त्याची हळहळ वाटू नये. अगदीच हवा असेल तर काश्मिरी मिरचीची पूड पाव चमचा.

फळ शेवटी पडणार असल्याने एक गोष्ट सोडून चालणार नाही. कच्चं चिकन ज्या पाटावर आणि ज्या सुरीने कापलं, त्यावर फळ कापू नका. चिकनवरचे जंतू शिजताना मरतात, संत्र्याची पाकळी मात्र शिजतच नाही. सोपा मार्ग म्हणजे फळ आधी चिरून झाकून ठेवायचं आणि चिकन नंतर हातात घ्यायचं. नळाखाली कच्चं चिकन खळखळून धुवायचीही गरज नाही, त्याचे शिंतोडे ओट्यावर आणि शेजारच्या फळांवर उडतात. पदार्थ उरला तर दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवा, पण त्यातल्या फोडी वेचून वेगळ्या डब्यात काढा. अननस नीट भाजला गेला नसेल तर दुसऱ्या दिवशी ते चिकन सांगेलच, आणि संत्र्याच्या पाकळ्या पुन्हा गरम केल्या तर कडवट होतात. चिकन आणि सॉस आधी वाफ येईपर्यंत चांगलं गरम करा, फोडी मागाहून घाला.