संस्था कोणाची?

(गावच्या वाचनालयाच्या वार्षिक सभेत एका शिक्षकाने केलेले भाषण)



सभासदांच्या यादीत नावे पुष्कळ, परंतु सभेस माणसे थोडी. मास्तरकीची सवय, म्हणून आम्ही प्रश्नापासूनच आरंभ करतो. हे वाचनालय कोणाचे? कोणी म्हणतो सरकारचे, कोणी म्हणतो चेअरमनसाहेबांचे. दोन्ही उत्तरे चूक आहेत.

एका बाजूस आपले घर, दुसऱ्या बाजूस सरकार, आणि या दोहोंच्या मध्ये एक तिसरे आवार असते. १८२१ साली हेगेल नावाच्या जर्मन पंडिताने या आवाराचा वेगळा विचार मांडला; त्यात बाजार व धंदेवाल्यांचे संघ मुख्य होते. पुढे १८३१ साली तॉकव्हिल नावाचा फ्रेंच गृहस्थ अमेरिका पाहावयास गेला. नवे काम निघाले की फ्रान्सात लोक सरकारकडे पाहत, इंग्लंडात बड्या सरदाराकडे. अमेरिकेत मात्र साधी माणसे मंडळी जमवून ते काम उरकीत, याचे त्यास नवल वाटले. आज यास नागरी समाज म्हणतात.

परंतु त्याच अमेरिकेत तेव्हा लाखो काळी माणसे गुलामीत होती. त्यांस त्या मंडळ्यांत जागा नव्हती. आपल्याकडेही पंचायती होत्या, पण त्या जातीच्या. जातीत माणूस जन्माने पडतो, संस्थेत तो आपखुशीने येतो. हा भेद जोतीराव फुल्यांनी ओळखला. २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यास सत्यशोधक समाज निघाला, त्यात निरनिराळ्या जातींची माणसे एकत्र बसली आणि पुरोहितावाचून लग्ने लावू लागली. सरकारने सांगितले म्हणून नव्हे, आपणांस पटले म्हणून.

१९१९ साली कराड तालुक्यातील काले गावी भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था काढली. तिच्या मुष्टिफंडास आमच्या आयाबहिणींनी दळणातले मूठमूठ धान्य काढून ठेवले. जिने मूठ दिली तिची ती संस्था. देणगी मोठी की लहान, हा प्रश्नच नाही.

अशा संस्थेस ‘ना नफा’ म्हणतात. याचा अर्थ शिल्लक उरू नये असा नव्हे. शिल्लक खुशाल उरावी. ती कोणी वाटून घ्यावयाची नाही, कामासच लावावयाची. १८६० च्या कायद्याप्रमाणे सात माणसांस मिळून संस्था नोंदविता येते. ती मोडली तरी देणी फेडून उरलेली मालमत्ता सभासदांस वाटून घेता येत नाही. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याने हिशेब ठेवणे बंधनकारक केले, आणि धर्मादाय आयुक्तांकडे दाद मागण्याची वाट ठेवली.

पण कायदा सभेस येऊन बसत नाही. येथे आमचीच चूक सांगतो. पूर्वी आम्ही एका संस्थेच्या पंचमंडळात होतो. हिशेबाचे पान पुढे येई, आम्ही न वाचता सही करीत असू. गुरुजींची सही पाहून बाकीचेही करीत. दोन वर्षांनी कळले की वर्गणीतून घेतलेली म्हणून दाखविलेली पुस्तके कधी आलीच नव्हती. पैसा दुसऱ्याने नेला हे खरे, परंतु दार आम्ही उघडे ठेवले होते. ज्या कुंभारदादांनी हंगामात चार आणे बाजूस काढून वर्गणी भरली होती, त्यांच्या मुलास त्या वर्षी पुस्तक मिळाले नाही. त्यांनी आम्हांस एका शब्दानेही विचारले नाही, आणि तेच आम्हांस अधिक लागले.

शंका विचारणे म्हणजे वैर धरणे, ही समजूत आपण टाकली पाहिजे. घरचा जमाखर्च विचारणारी बाई घराची वैरीण नसते.

तेव्हा विनंती इतकीच. या वर्षाचा जमाखर्च आम्ही समोरच्या मेजावर ठेविला आहे. तो पाहिल्यावाचून कोणी घरी जाऊ नये. ज्यास वाचता येत नाही त्याने लेकीकडून, नातवाकडून वाचून घ्यावा. आणि एखादी रक्कम समजली नाही, तर आम्हांस येथेच उभे करून विचारावे.