पारावर बोलता येतं, मग ग्रामसभेत का नाही?

अंबड-घनसावंगीकडच्या गावात पारावर कुणी म्हणालं, "खालची डीपी परत जळाली," की पुढं फोड करून सांगावं लागत नाही. डीपी कोणती, मोसंबी कशी सुकायला लागली, सगळ्यांना ठाऊक असतं. शेजारचा विचारतो, "मग वायरमन काय म्हणतो?" आणि गप्पा पुढं सरकतात. गप्पांमधलं निम्मं काम ऐकणाराच करत असतो.

तोच माणूस ग्रामसभेत उभा राहिला की अडखळतो. तिथं "मग?" म्हणणारं कुणी नसतं, सगळे नुसते बघत बसतात. मग ती रिकामी जागा भरायला "मी या ठिकाणी सांगू इच्छितो" सुरू होतं. मान्यवरांची नावं घेण्यातच वेळ जातो. आपली घरची बोली सोडून पुस्तकी भाषा कशाला धरायची, हे मला आजवर कळलेलं नाही.

सभेत ऐकणाऱ्याचा प्रश्न आपणच विचारायचा. "कोणती डीपी? ओढ्याजवळची. कधीपासून बंद? पोळ्यापासून. तिच्यावर मोटारी किती? चौदा." ग्रामसेवक नवे असले तरी त्यांना एवढ्यात समजतं. आकडे चिठ्ठीवर लिहून न्या, अख्खं भाषण नको. कागद वाचायला लागलं की मान खाली जाते आणि आवाज पहिल्या रांगेतच पडतो.

आता थांबण्याविषयी. आपल्या घनसावंगी तालुक्यातलं जांब हे समर्थ रामदासांचं जन्मगाव. दासबोधाच्या चौदाव्या दशकात त्यांनी कीर्तनाच्या लक्षणांवर वेगळा समास लिहिला आहे. थांबायचं कसं, ते मात्र वारकरी कीर्तनात बघा. तिथं टाळकऱ्यांनी चरण उचलला की बुवांना दम घेता येतो, आणि ऐकणाऱ्यांच्या मनात आधीचं वाक्य मुरतं. ग्रामसभेत मागं टाळकरी नसतात. म्हणून "चौदा" म्हटलं की गप्प राहा, मनात तीन आकडे मोजा. पारावर असं थांबलात तर शेजारचा दुसराच विषय काढील. सभेत थांबलात तर लोक मान वर करून बघतील.

बायांनो, ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घेण्याची तरतूद १९५८च्या ग्रामपंचायत कायद्यात आहे. पहिला सराव तिथं करा.

आणि नुसती तक्रार सांगून खाली बसू नका. ठराव मांडा, सूचक म्हणून स्वतःचं नाव द्या. अनुमोदक आदल्या संध्याकाळीच ठरवून ठेवा. मग ग्रामसेवकांना म्हणा, "साहेब, प्रोसिडिंगमध्ये काय लिहिलं, तेवढं वाचून दाखवा."