श्रवणयंत्राचा धंदा आणि कामगाराचा कान

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत लोखंडी सळ्यांच्या रोलिंग मिल आहेत. अशा गोंगाटात वर्षानुवर्षे राबणाऱ्याचे कान नकळत जातात. आधी बारीक स्वर हरवतात. घरची माणसे पुटपुटतात असे त्याला वाटू लागते. अंतःकर्णातील नष्ट झालेल्या पेशी पुन्हा येत नाहीत. मग तो श्रवणयंत्राच्या दुकानाची पायरी चढतो.

विक्रेत्याचे खरे काम तेथून पुढचे. श्रवणालेख काढणे, कानाचा साचा घेणे, यंत्र त्या आलेखाबरहुकूम जुळवणे आणि पुन्हा पुन्हा तपासणे. नुसते आवाज वाढवणारे यंत्र गळ्यात मारले की कोलाहल तेवढा वाढतो आणि यंत्र कोनाड्यात पडते. सेलचा खर्च तर निराळाच! केंद्राच्या १९८१ पासूनच्या योजनेतून गरिबांना यंत्रे मिळतात. पण शिबिरात मिळालेले यंत्र बिघडल्यावर भोकरदनच्या शेतमजुराने जावे कोठे?

कामगाराचा प्रश्न याहून तिखट आहे. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात गोंगाटाने येणारे बहिरेपण व्यवसायजन्य आजार म्हणून नोंदले गेले. मग यंत्राची किंमत मजुरीतून का जावी? संघटनांनी भरतीच्या दिवशीच प्रत्येकाचा श्रवणालेख मागावा. तो नसला की बहिरेपण वयावर ढकलणे मालकाला सोपे जाते.