वॅट वाढवण्याआधी मोर्स शिका



नारायणगावहून खोडदच्या रस्त्याला लागलं, की शेतांच्या पलीकडे जाळीच्या प्रचंड तबकड्या दिसू लागतात. ही आपली जीएमआरटी, रेडिओ दुर्बीण. 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या. प्रा. गोविंद स्वरूप यांनी भरीव पत्र्याऐवजी ताणलेल्या तारांवर बारीक जाळी बसवली. वजन घटलं, वारा आरपार जाऊ लागला आणि खर्च आवाक्यात आला. हौशी रेडिओ, म्हणजे हॅम रेडिओ, कमी पैशांत सुरू करायचा कसा, याचा धडा जुन्नरकरांच्या दारातच उभा आहे. तबकडीची पहिली रेडिओ दुर्बीणसुद्धा एका हॅमनेच बांधली होती. ग्रोट रेबर त्याचं नाव. 1937 साली शिकागोजवळच्या व्हीटन गावात, घराच्या आवारात, पदरच्या पैशाने.

आपल्याकडे वयाच्या 12व्या वर्षापासून हॅमच्या परवान्याची परीक्षा देता येते. पहिली पायरी रिस्ट्रिक्टेड, पुढची जनरल. रेडिओचं तंत्र आणि नियम दोन्हींना असतात. जनरलला त्याशिवाय मिनिटाला 8 शब्दांच्या वेगाने मोर्स, म्हणजे आखूड-लांब ठोक्यांची लिपी, घेता आणि पाठवता यावी लागते. इथेच बहुतेकांचं घोडं अडतं. मग जनरल कशासाठी घ्यायचं? पुष्कळांचं उत्तर असतं, प्रक्षेपणाची परवानगी 50 वॅटवरून 400 वॅटवर जाते म्हणून. मला ते पटत नाही. मोठी शक्ती म्हणजे महागडा संच आणि भारी वीजपुरवठा. जनरलची खरी कमाई मोर्स हीच आहे.

कारण साधं आहे. बोलण्याला सुमारे अडीच हजार हर्ट्झची जागा लागते, मोर्सला दीडशे-दोनशे पुरते. सगळी शक्ती तेवढ्याशा जागेत एकवटते. त्यामुळे जिथे बोलणं खरखरीत बुडून जातं, तिथे चार-पाच वॅटचं डिट-डाह कानाला स्पष्ट लागतं. शिवाय मोर्सचा संच सगळ्यांत स्वस्त. मोजके ट्रान्झिस्टर, एक क्रिस्टल, एक की. बोलायचा संच हवा असेल तर हैदराबादच्या अशर फरहान यांचा बिटेक्स आहे. त्याच्या मूळ आराखड्यात कॉइल गुंडाळायला नळाचे वॉशर वापरले होते! मात्र परवाना हातात येण्याआधी ट्रान्समीटर विकत घेऊ नका.

एरियलला तर तांब्याची तार पुरे. 7 मेगाहर्ट्झसाठी दहा-दहा मीटरचे दोन तुकडे, मधोमध केबल जोडलेली, दोन झाडांमध्ये बांधायची. विजेच्या तारांपासून मात्र लांब. ही तार फार उंच नसली तर उलट बरं. लहरी सरळ वर जातात, आयनांबरावरून परततात आणि दिवसा दोन-तीनशे किलोमीटरच्या परिसरात उतरतात. हातातला वॉकीटॉकी डिंभे धरणाच्या वरच्या खोऱ्यांत डोंगराला अडतो. ही तार डोंगर ओलांडते.

आंबेगावकरांना याचं मोल वेगळं सांगायला नको. 30 जुलै 2014 रोजी माळीण दरडीखाली गाडलं गेलं. दीडशेहून अधिक माणसं गेली. आणि गाव दिसत नाही ही खबर बाहेर आली ती एसटीच्या चालकामुळे. रेडिओने दरड थांबली नसती. पण पावसात वीज आणि मोबाइल दोन्ही गेल्यावर बारा व्होल्टच्या बॅटरीवर निरोप धाडणारं माणूस खोऱ्यात असायलाच हवं.

एक जबाबदारी मात्र जुन्नरच्या हॅमवर जास्त आहे. खोडदची दुर्बीण 120 ते 250 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातही ऐकते, आणि आपला 144 ते 146चा पट्टा त्यातच येतो. तेव्हा त्या परिसरात स्टेशन मांडण्याआधी वेधशाळेशी बोला, शक्ती कमीत कमी ठेवा. विजेच्या खांबावरचा सैल जोड ठिणग्या टाकतो, त्याची खरखर दुर्बिणीलाही नडते आणि आपल्यालाही. असा खांब कानाने शोधून वीज कंपनीला कळवणारा हॅम दोघांच्याही उपयोगी पडेल.

जुन्नर, मंचर, घोडेगावच्या विज्ञान शिक्षकांना माझी विनंती आहे. दर 28 फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, तुम्ही मुलांना खोडदला नेताच. यंदा त्यांतल्या दोघा-तिघांना हॅमच्या परीक्षेलाही बसवा, आणि मोर्सचा सराव पहिल्या आठवड्यापासून सुरू करा.