हा आजार खानदानी आहे का?



मित्रमैत्रिणींनो, मी पोटविकाराचा डॉक्टर आहे. आतड्याच्या जुनाट दाहाचे रुग्ण माझ्याकडे नेहमी येतात. या आजाराचे मुख्य प्रकार दोन. अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये मोठ्या आतड्याच्या अस्तरावर जखमा होतात, संडासवाटे रक्त आणि आव पडते. घरचे महिनोन्‌महिने मूळव्याध समजून बसतात. क्रोन्स हा दुसरा. तो तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही होतो आणि आतड्याच्या भिंतीत खोल जातो. सुरुवात बहुधा तरुणपणी होते. म्हणजे नेमकी लग्नाची बोलणी चालू असताना. त्यामुळे तपासणी झाली की आई मुलीला बाहेर बसवते आणि हळूच विचारते, "डॉक्टरसाहेब, हे खानदानी तर नाही ना? रिश्ता आलाय."

'हो' म्हटलं तरी चूक, 'नाही' म्हटलं तरी चूक, असा हा प्रश्न आहे.

थॅलेसेमिया तुम्हाला माहीत असेल. एक जनुक बिघडलेलं, आईवडील दोघेही वाहक, तर प्रत्येक बाळाला चारात एक धोका. हिशोब सरळ. आतड्याच्या दाहात असा हिशोब लागत नाही. धोका थोडाथोडा वाढवणाऱ्या किंवा कमी करणाऱ्या दोनशेहून जास्त जागा आपल्या जनुकसंचात सापडल्या आहेत. त्यातलं पहिलं जनुक, एनओडी२, २००१ साली सापडलं. आपल्या पेशींना जिवाणूंची चाहूल देण्याचं काम ते करतं. त्याच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या असल्या तर क्रोन्सचा धोका कित्येक पट वाढतो. तरीही अशा बहुतेक माणसांना हा आजार आयुष्यभर होत नाही!

जुळ्यांचं पाहा. एकसारख्या जुळ्यांची जनुकं जवळजवळ तंतोतंत सारखी. पण एकाला अल्सरेटिव्ह कोलायटिस झाला, तर दुसऱ्याला तो होतोच असं नाही. बहुतेक जोड्यांत होत नाही. क्रोन्समध्ये प्रमाण जास्त आहे, तरी तिथेही निम्म्याहून अधिक जोड्यांत दुसरा सुटतो. मग बाकीचं कुठून येतं? आतड्यातल्या जिवाणूंतून, खाण्यातून, लहानपणी घेतलेल्या अँटिबायोटिकमधून, आणि क्रोन्समध्ये सिगारेटमधून. ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या आपल्या उपखंडातल्या कुटुंबांत अल्सरेटिव्ह कोलायटिस भरपूर दिसतो. एकदोन पिढ्यांत जनुकं बदलत नसतात. राहणी बदलते.

तेव्हा त्या आईला मी सांगतो, सख्ख्या नातेवाइकांत धोका इतरांपेक्षा जास्त असतो हे खरं, पण बहुतेक भावंडांना आणि मुलांना हा आजार होत नाही. एवढ्यावरून सोयरीक मोडणं मला अन्याय वाटतो. आणि मोडते ती जास्त करून मुलीचीच. आजारी मुलाचं लग्न 'पोटाची जरा तक्रार आहे' एवढ्यावर उरकतं.

लपवून लग्न केल्याने सुटका होत नाही, उलट आजार भडकतो. सासरी कुणाला दिसू नये म्हणून गोळ्या बंद होतात, काही आठवड्यांत रक्त सुरू होतं, आणि त्यातच दिवस गेलेले असतात. आजार शांत असताना, औषधं चालू ठेवून दिवस गेले तर बहुतेक बाळंतपणं नीट होतात. औषध मनाने सोडणं जास्त घातक.

नात्यातल्या लग्नाबद्दल कुणीतरी विचारणारच. चुलतभाऊ, मामेबहीण यांची लग्नं आपल्याकडे होतात, आणि मामाची मुलगी करणं महाराष्ट्रात इतर समाजांतही आहे. मोठ्यांमध्ये होणाऱ्या नेहमीच्या आजाराला हे थेट कारण नाही. पण एक दुर्मीळ प्रकार वेगळा आहे. बाळ काही महिन्यांचं असतानाच तीव्र जुलाब, रक्त, गुदद्वाराजवळ फोड. २००९ साली अशा मुलांमध्ये इंटरल्यूकिन-१० च्या रिसेप्टरचं जनुक बिघडलेलं आढळलं. तो हिशोब थॅलेसेमियासारखा आहे, आणि नात्यातल्या लग्नात दोघे वाहक निघण्याची शक्यता वाढते. निदान लवकर झालं तर अस्थिमज्जा प्रत्यारोपणाने अशी मुलं बरी होऊ शकतात. घरात असं बाळ दगावलेलं असेल तर ते नजर लागली म्हणून विसरू नका. पुढच्या लग्नाआधी जनुक-सल्लागाराला दाखवा.

बाजारात जनुकचाचणीची पाकिटं मिळतात. तुम्हाला आतड्याचा दाह होईल की नाही हे कळण्यासाठी त्यावर पैसे घालू नका. त्यांचे आडाखे बरेचसे युरोपीय लोकांच्या माहितीवर बेतलेले असतात, आणि एनओडी२ मधले तिकडचे ठळक बदल आपल्याकडे क्वचितच दिसतात.

मात्र एक चाचणी जरूर विचारा. या आजारात ॲझाथायोप्रिन नावाची गोळी देतात, स्वस्त आणि चांगली. एनयूडीटी१५ या जनुकात बदल असलेल्यांच्या पांढऱ्या पेशी तिने धोकादायक उतरतात. हा बदल युरोपीयांपेक्षा आशियाई लोकांत बराच जास्त आढळतो. गोळी सुरू करण्याआधी डॉक्टरांना चाचणीबद्दल विचारा. ती नॉर्मल आली तरी रक्ततपासणी ठरल्या वेळी करत राहा. आणि गोळी सुरू झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांत केस पुंजक्याने गळू लागले किंवा ताप आला, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टर गाठा.