नाताळची सुटी आणि घरची माउली



नाताळात आम्ही वेदीवरून शांतीचा संदेश देतो. परंतु त्या आठवड्यात आमच्या तलासरीच्या पाड्यांवरील माउलीला शांती कोठली? भाताची झोडणी उरकलेली, वसतिगृहातील मुले घरी आलेली, वापीच्या कारखान्यातला थोरलाही परतलेला. एक भगिनी आम्हांस हसत म्हणाली, "फादर, बेथलेहेमात राजे भेटी घेऊन आले, माझे राजे नुसती भूक घेऊन येतात!"

इ. स. १२२३ मध्ये संत फ्रान्सिसने ग्रेच्चो गावी चारा घातलेली गव्हाण, बैल व गाढव ठेवून नाताळ साजरा केला. त्या रात्रीची भांडी कोणी घासली, हे मात्र कोणीच लिहून ठेवले नाही!

ही थट्टा झाली. परंतु सण सरताच कित्येक घरे वीटभट्ट्यांची वाट धरतात, मुले वसतिगृहात जातात, आणि सारी माणसे पुन्हा एका चुलीपाशी केव्हा बसतील ते सांगवत नाही. म्हणूनच भाकऱ्या थापताना ती कुरकुरते, पण "आणखी एक घे" असे म्हणावयाचे सोडीत नाही.

यंदा गोठ्याचा पेंढा मुलांनी आणावा आणि भांडी पुरुषांनी घासावीत, असे आम्ही सुचवितो. माउली हसत आहेत. पुरुष मात्र खाली पाहू लागले आहेत.