सासूबाईंचा विसर आणि प्रोटीनचे तुकडे

तळोज्याच्या गावांमध्ये बचत गटाच्या बैठकीला आम्ही बसतो, तेव्हा एक गाऱ्हाणं हमखास निघतं. सासूबाई आत्ताच जेवल्या, हात धुतले, आणि शेजारणीला सांगतात की सुनेनं सकाळपासून उपाशी ठेवलंय. मग घरात भांडण. पण त्या खोटं बोलत नसतील. ही अल्झायमर या मेंदूच्या आजाराची खूण असू शकते.

होतं काय? मेंदूच्या पेशीच्या आवरणात एक लांब प्रोटीन असतं. काही रसायनं ते कात्रीसारखी कापतात आणि अमायलॉइड बीटा नावाचा तुकडा सुटतो. जेमतेम 40-42 मण्यांची माळ म्हणा ना. हे सगळ्यांच्याच मेंदूत होतं, आणि मेंदू हा कचरा वाहून नेतो. या आजारात तुकडे साचतात, एकमेकांना चिकटतात. पूर्वी वाटायचं, त्यांचे मोठे थर हेच मूळ दुखणं. आता पुष्कळ संशोधक सांगतात, थराआधीचे बारीक पुंजके जास्त घातक. दोन पेशी जिथं एकमेकींना निरोप देतात, तिथंच ते अडथळा आणतात. मग नवी आठवण रुजतच नाही. सकाळचं जेवण विसरतं, लग्नातली हळद मात्र आठवते. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सुदीप्त मैती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे पुंजके पेशीच्या आवरणाला कसे चिकटतात याचा अभ्यास केला आहे.

प्रोटीन म्हटलं की प्रश्न येतोच, मग डाळ, अंडी, सुकट बंद करायची का? मुळीच नाही! हा तुकडा मेंदूतच तयार होतो, ताटातून येत नाही. म्हाताऱ्या माणसाची डाळ तोडलीत तर अंगातली ताकद मात्र जाईल.

2023 मध्ये देशभरातल्या पाहणीचे आकडे आले. साठीपुढच्या शंभरांत सुमारे 7 जणांना स्मृतिभ्रंश. बायकांत 9, पुरुषांत 6, आणि शहरापेक्षा खेड्यात जास्त. त्याच वर्षी अमेरिकेत लेकॅनेमॅब या औषधाला पूर्ण मान्यता मिळाली. ते साचलेलं अमायलॉइड कमी करतं, पण आजाराचा वेग थोडाच मंदावतो, गेलेली आठवण परत येत नाही. शिवाय मेंदूला सूज येण्याचा, रक्तस्रावाचा धोका. तेव्हा कुणी आठवण परत आणणारी पावडर विकायला आलं, तर पैसे कनवटीलाच ठेवा.

डॉक्टरांकडे मात्र जाच. थायरॉइड, बी-12ची कमतरता, मनाची उदासी यांनीही विसर पडतो, आणि तो उपचारानं बरा होऊ शकतो. आधी पनवेलच्या उपजिल्हा रुग्णालयात दाखवा. कधीपासून, काय काय विसरतात, ते कागदावर लिहून न्या. दिवसभर सोबत असते ती सून. डॉक्टरांशी तिलाच बोलू द्या. आणि तिचाच जीव मेटाकुटीला आला असेल, तर टेली-मानसचा 14416 हा सरकारी नंबर तिच्यासाठीही आहे.